टेबलावरची पृथ्वी आणि विहिरीएवढी टाकी

वीस लाख जीबी. घाईने पुढे जाऊ नका, हा आकडा एकदा सावकाश वाचा. मायक्रोसॉफ्टचा फ्लाइट सिम्युलेटर १८ ऑगस्ट २०२० रोजी बाजारात आला, तेव्हा त्याच्यामागे नकाशांचा आणि आकाशातून घेतलेल्या छायाचित्रांचा दोन पेटाबाइटांहून मोठा साठा उभा होता. दोन पेटाबाइट म्हणजे वीस लाख जीबी. घरच्या टेबलावर बसून विमान उडवण्याचा हा खेळ, आणि त्याच्या पोटात अख्खी पृथ्वी!

आता हा साठा आपण आपल्या मोबाइलवर उतरवून घेऊ. रोज दोन जीबीचा पॅक आहे असं धरा. वीस लाख भागिले दोन, म्हणजे दहा लाख दिवस. दहा लाख दिवस म्हणजे २,७३७ वर्षं! हे डाउनलोड आज संपायला हवं असेल, तर बुद्धाच्या जन्माआधीच ते सुरू करून ठेवायला हवं होतं. अठ्ठावीस दिवसांच्या रिचार्जला साडेतीनशे रुपये धरले तर रिचार्ज होतील जवळपास पस्तीस हजार सातशे, आणि बिल होईल सव्वा कोटी रुपये. म्हणूनच कंपनी सगळा साठा आपल्याला देत नाही. साधारण दीडशे जीबी घरच्या संगणकावर बसतात आणि बाकीची पृथ्वी आपण जिथे उडत असू तिथली, तेवढीच, इंटरनेटवरून येत राहते. युरोपात हा खेळ डब्यातूनही विकला गेला. त्या डब्यात डीव्हीडी होत्या दहा!

हाच खेळ १९८२ साली आयबीएमच्या संगणकावर पहिल्यांदा आला, तेव्हा तो एका फ्लॉपीत मावत होता. सव्वापाच इंची त्या काळ्या चौकोनी फ्लॉपीत फार तर ३६० किलोबाइट बसत. आजचा साठा तसल्या फ्लॉप्यांवर भरायचा म्हटला तर साडेपाचशे कोटी फ्लॉप्या लागतील. एकेक फ्लॉपी दीड मिलिमीटर जाडीची. त्या उभ्या करून, एकीला एक चिकटवून रस्त्याने लावत चला. दादर गेलं, पनवेल गेलं, लोणावळा गेलं, पुणं आलं. दीडशे किलोमीटर झाले आणि ढीग संपलेला नाही. वळा आणि परत मुंबईला या. पुन्हा पुण्याला जा. अशा पंचावन्न खेपा झाल्या की शेवटची फ्लॉपी हातात येईल.

साठा कळला, आता त्यात काय आहे ते पाहू. कंपनीच्या सांगण्यानुसार झाडं दीड लाख कोटी. एका सेकंदाला एक झाड मोजलं, झोपलो नाही, जेवलो नाही, तर एका माणसाला सत्तेचाळीस हजार वर्षं लागतील. सगळा भारत मोजायला बसला तर? एकशे चाळीस कोटी माणसं, प्रत्येकाच्या वाट्याला एक हजार सत्तर झाडं. अठरा मिनिटांत मोजणी संपेल! इमारती दीडशे कोटी. प्रत्येक भारतीयाला एकेक इमारत दिली तरी दहा कोटी उरतील, म्हणजे महाराष्ट्रातल्या बहुतेकांना दुसरी देता येईल. गावं आणि शहरं वीस लाख. विमानतळ सदतीस हजार. रोज एका विमानतळावर उतरायचं ठरवलं तर शेवटच्या विमानतळावर चाक टेकेल ते एकशे एक वर्षांनी.

या इमारती कुणी हातांनी रचलेल्या नाहीत. ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहरातल्या ब्लॅकशार्क नावाच्या कंपनीच्या संगणकांनी छायाचित्रं पाहून त्या उभ्या केल्या. आणि संगणक कसला आज्ञाधारक! मेलबर्नच्या एका उपनगरातल्या साध्या घरापुढे नकाशात कुणीतरी २ मजले लिहायच्या ऐवजी २१२ लिहिले होते. संगणकाने शंका घेतली नाही. बुर्ज खलिफाचे मजले १६३. मेलबर्नच्या बैठ्या घरांमधून २१२ मजल्यांची सुई आकाशात घुसली, आणि जगभरचे हौशी वैमानिक तिला घिरट्या घालायला धावले.

ही पृथ्वी केवढी? एक्कावन्न कोटी चौरस किलोमीटर. आपला महाराष्ट्र तीन लाख आठ हजार चौरस किलोमीटरांचा. म्हणजे साडेसोळाशे महाराष्ट्र एका टेबलावर! त्यातली फक्त जमीन बघायची ठरवली, दहा किलोमीटर रुंदीचा पट्टा दर फेरीत पाहिला, आणि सेस्ना १७२ हे छोटं विमान ताशी सव्वादोनशे किलोमीटरने अखंड हाकलत ठेवलं, तर सगळी जमीन पाहून व्हायला साडेसात वर्षं लागतील.

इतका वेळ आपण तराजूच्या एकाच पारड्यात माप टाकत होतो. आता दुसऱ्या पारड्यात खरं विमान चढवू. तराजू जरा भक्कम घ्या.

बोइंग ७७७-३००ईआर. भारतातून अमेरिकेला न थांबता जाणारं विमान. उड्डाणाच्या वेळी त्याचं वजन ३५१ टनांपर्यंत असू शकतं. आपल्या लांब पल्ल्याच्या गाड्या ओढणारं डब्ल्यूएपी-७ हे विजेचं रेल्वे इंजिन १२३ टनांचं असतं. तशी जवळजवळ तीन इंजिनं एकावर एक ठेवली की एक ७७७ झालं. गाडी सुटताना डब्ल्यूएपी-७ साधारण ३३ टनांच्या जोराने ओढतं. चोवीस डब्यांची गाडी फलाटावरून हलते ती या ओढीवर. ७७७ च्या पंखाखालचं एक जेट इंजिन ५२ टनांच्या जोराने ढकलतं. तशी इंजिनं दोन. बेरीज करा: रेल्वेच्या तीन इंजिनांची ओढ ९९ टन, विमानाच्या दोन इंजिनांचा रेटा १०४ टन. तीन रेल्वे इंजिनांचं वजन आणि तीन रेल्वे इंजिनांचा जोर, आणि हे सगळं रुळांवरून नाही, हवेतून जातं!

त्या जेट इंजिनाच्या तोंडाशी जो पंखा फिरतो त्याचा व्यास सव्वातीन मीटर. जुन्या वाड्यातल्या आडाचं तोंड त्याहून लहान असतं. हा पंखा उड्डाणाच्या वेळी दर सेकंदाला सुमारे सोळाशे किलो हवा आत ओढतो. किलोत मोजलेली हवा डोळ्यांपुढे येत नाही, तर खोल्यांत मोजू. दहा बाय बाराची, दहा फूट उंचीची खोली घ्या. तशा अडतीस खोल्यांतली सगळी हवा एका सेकंदात गडप. एक सेकंद, एक चाळ. दुसरा सेकंद, दुसरी चाळ. मिनिटभरात साठ चाळी रिकाम्या, आणि दुसऱ्या पंखाखाली दुसरं इंजिन तेच करतंय. घरच्या सिम्युलेटरमध्ये हे सगळं होतं ते टेबलावरची एक बोटभर लांबीची दांडी पुढे सरकवली की. स्पीकर थोडा गुरगुरतो, टेबलावरचा कागदही हलत नाही.

इंधनाकडे या. ७७७ च्या टाक्यांत १,८१,००० लिटर इंधन मावतं. हे किती, ते गावाकडच्या विहिरीवर जाऊन पाहू. वीस फूट व्यासाची विहीर आहे आणि तिच्यात वीस फूट पाणी आहे. त्या पाण्याचे लिटर होतात १,७८,०००. म्हणजे एक विहीर काठोकाठ भरेल आणि वर तीन हजार लिटर उरेल. आणि ही विहीर राहते कुठे? मुख्यतः पंखांत! एअरबस ए-३८० मध्ये तर सव्वातीन लाख लिटरांच्या आसपास इंधन जातं, म्हणजे जवळपास दोन विहिरी. शेतकऱ्याची विहीर जमिनीत असते म्हणून बरं. ही विहीर ताशी नऊशे किलोमीटरने अमेरिकेला निघालेली असते.

बोइंग ७४७-४०० ला आतून पाहा. सुटे भाग साठ लाख. त्यातले निम्मे नुसते जोडणारे, खिळे आणि बोल्ट. तारा २७४ किलोमीटर. ती तार मुंबईहून रस्त्याने सोडत निघालात तर पुण्याला पोचेल, वळेल, घाट उतरेल आणि नवी मुंबईपर्यंत परत येईल. पंखांचं क्षेत्रफळ ५,६५० चौरस फूट. मुंबईकराला हे लगेच कळेल: ५६५ चौरस फुटांचे दहा फ्लॅट! चौरस फुटाला पंचवीस हजारांचा भाव धरला तर पंखांवरच चौदा कोटींची जागा. आणि कॉकपिटात दिवे, तबकड्या, बटणं मिळून ३६५. वर्षाच्या प्रत्येक दिवसाला एक! त्याआधीच्या ७४७ मध्ये ती ९७१ होती, तेव्हा तिसरा माणूस फक्त त्यांच्यावर लक्ष ठेवायला बसत असे. घरच्या कीबोर्डवर कळा असतात शंभरेक, आणि त्यातल्या निम्म्यांचं काम विसरलं तरी चालतं.

आता रुपये. घरचा बरा संगणक सिम्युलेटर चालवताना तासाला अर्धा युनिट वीज घेतो असं धरू. युनिटला दहा रुपये. म्हणजे उड्डाणाचा खर्च तासाला पाच रुपये. विमानाचं इंधन लिटरला नव्वद रुपये धरलं तर ७७७ च्या टाक्या एकदा भरायला लागतील एक कोटी त्रेसष्ट लाख. या एक कोटी त्रेसष्ट लाखांत घरचा सिम्युलेटर बत्तीस लाख साठ हजार तास चालेल. वर्षं करा. तीनशे बहात्तर! प्रतापगडावर अफजलखान यायच्या आधी कुणी तो चालू करून ठेवला असता, तर एका टाकीचे पैसे आत्ता कुठे संपत आले असते.

ही झाली टाकी. विमानच घ्यायचं असेल तर? आपल्याकडे पुणे-दिल्ली, मुंबई-गोवा करणाऱ्या एअरबस ए-३२० निओची २०१८ सालची छापील किंमत ११ कोटी डॉलरहून थोडी जास्त होती. डॉलरला पंच्याऐंशी रुपये धरले तर साधारण नऊशे चाळीस कोटी. खेळाची किंमत पाच हजार धरा. एका विमानाच्या छापील किमतीत अठरा लाख ऐंशी हजार लोकांना खेळ घेऊन देता येईल. २०११ च्या जनगणनेत नाशिक शहराची लोकसंख्या पंधरा लाखांच्या आत होती. त्या नाशिकात तान्ह्या बाळापासून पणजीपर्यंत प्रत्येकाला एकेक खेळ द्या, तरी जवळपास चार लाख उरतील!

पण थांबा. वजन, इंधन आणि पैसा एवढ्यावर तुलना संपत नाही. आता विमानात आपलं शरीर बसवू.

खरं विमान साठ अंशांत कललं आणि उंची न सोडता वळलं की आतल्या प्रत्येक वस्तूचं वजन दुप्पट भासतं. सत्तर किलोचा माणूस एकशे चाळीस किलोचा होतो. हात उचलायला जड, मान वळवायला जड. लढाऊ विमानात हे नऊपट होतं. सत्तरचे सहाशे तीस! तीन बुलेट मोटरसायकली अंगावर ठेवल्यासारखं, आणि त्या अवस्थेत शत्रू शोधायचा. घरच्या खुर्चीत? विमान उलटंपालटं झालं, गिरक्या घेत कोसळलं, तरी सत्तरचे सत्तर. चहाचा कपही हिंदकळत नाही.

पस्तीस हजार फुटांवर जाऊ. कळसूबाई १,६४६ मीटर उंच. साडेसहा कळसूबाई एकावर एक रचा, तेव्हा ती उंची गाठेल. बाहेरचं तापमान शून्याखाली ५४ अंश, आणि हवेचा दाब जमिनीवरच्या चौथ्या हिश्शाच्याही आत. आत मात्र आपल्याला श्वास घेता यावा म्हणून दाब वाढवलेला असतो. त्यामुळे आतली हवा विमानाला सतत बाहेर ढकलत राहते. सहा फूट बाय साडेतीन फुटांच्या एका दरवाज्यावर हा रेटा भरतो दहा-अकरा टन. भरलेला ट्रक दारावर टेकून उभा आहे, आणि आपण त्या दाराशेजारी बसून इडली-सांबार खातोय!

आणि भीती? तिचाही आकडा आहे. १९५४ साली अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठाने एक प्रयोग केला. केवळ उपकरणं पाहून विमान चालवण्याचं शिक्षण नसलेल्या वीस जणांना खऱ्या विमानात बसवलं, शेजारी प्रशिक्षक दिला, आणि ढगात शिरल्यावर जसं बाहेरचं काही दिसेनासं होतं तसं त्यांच्या डोळ्यांपुढून बाहेरचं दृश्य काढून घेतलं. वीसच्या वीस जणांच्या हातून विमान सुटलं. सरासरी वेळ १७८ सेकंद. तीन मिनिटंही नाहीत! दादरहून सुटलेली धीमी लोकल माटुंग्याला लागेपर्यंत खेळ संपला. कारण एकच: कानातला तोल सांगतो विमान सरळ आहे, आणि विमान तर गिरकी घेत असतं. घरच्या खुर्चीत कान खोटं बोलत नाही, कारण खुर्ची खरोखरच सरळ असते.

मग घरचा सिम्युलेटर नुसता पोरखेळ का? अजिबात नाही, आणि हे सांगायला आपल्याला एका पेटीच्या भात्यापाशी जावं लागेल.

अमेरिकेतल्या बिंगहॅम्टन गावात एडविन लिंक नावाच्या तरुणाच्या वडिलांचा ऑर्गन आणि आपोआप वाजणारे पियानो बनवण्याचा कारखाना होता. हवेचे भाते, झडपा, नळ्या, हा घरचा धंदा. लिंकने १९२९ साली त्याच भात्यांवर एक लाकडी विमान बसवलं. भाते फुगले की विमान कलायचं, आकसले की झुकायचं. पेटीचा भाता तो, पण सुरांच्या ऐवजी वैमानिक हलवणारा! लोक त्याला जत्रेतलं खेळणं समजले. १९३४ साली अमेरिकी लष्कराकडे विमान टपालाचं काम आलं आणि खराब हवेत अंधारात उडताना काही आठवड्यांतच डझनभर वैमानिक मेले. मग लष्कराने सहा लिंक यंत्रं घेतली, एकेक साडेतीन हजार डॉलरला. पुढे दुसरं महायुद्ध आलं. सहाची झाली दहा हजार! पाच लाखांहून जास्त वैमानिक त्या भात्यांवर बसून शिकले. वानखेडे स्टेडियम साधारण तेहतीस हजार माणसांचं. ते पंधरा वेळा भरून रिकामं करा, तेवढे वैमानिक.

त्या लाकडी पेटीचा आजचा वंशज विमान कंपन्यांच्या प्रशिक्षण केंद्रात उभा असतो. सहा पायांवर झुलणारी, अनेक टन वजनाची, आत हुबेहूब कॉकपिट असलेली खोली. किंमत शंभर कोटी रुपयांच्या आसपास. लाखभराच्या घरच्या संगणकाच्या दहा हजार पट! विमानाने वेग घेतल्याचा भास द्यायचा असेल की ही खोली हळूच मागे कलते, आपली पाठ खुर्चीत रुतते आणि मेंदू समजतो की विमान धावपट्टीवर सुसाट सुटलं. हा भास इतका चोख असतो की अनुभवी वैमानिक नव्या जातीचं विमान पूर्णपणे याच खोलीत शिकू शकतो. खऱ्या विमानात तो पहिल्यांदा बसतो तेव्हा मागे प्रवासी बसलेले असू शकतात, शेजारी अर्थातच प्रशिक्षक कॅप्टन. दर सहा महिन्यांनी तो पुन्हा इथे येतो आणि त्याच्यापुढे इंजिनं पेटवली जातात, बंद पाडली जातात. आकाशात असं करता येत नाही. इथे दुपारच्या जेवणाआधी चार वेळा होतं.

घरचा सिम्युलेटर या वंशाचाच धाकटा. धाकटा असला तरी कच्चा नाही. कोणती तबकडी काय सांगते, धावपट्टीच्या रांगेत कसं यायचं, नियंत्रण कक्षाशी कोणत्या क्रमाने बोलायचं, मुंबईहून पुण्याला जाताना सह्याद्री कुठे आडवा येतो, हे सगळं त्याच्यावर शिकता येतं. जे.आर.डी. टाटांनी १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला टपाल आणलं, तो मार्ग आज कुणीही आपल्या टेबलावरून उडू शकतो. टाटांच्या त्या पुस मॉथ विमानाचं भरलेलं वजन टनाच्याही आत. आजच्या एका ७७७ च्या वजनात तसली पावणेचारशे विमानं बसतील!

घरी शिकून आलेल्या मुलांची एक खोड मात्र प्रशिक्षक लगेच ओळखतात. त्यांची नजर तबकड्यांवरून हलत नाही. पडदा लहान, म्हणून बाहेर बघायची सवयच नाही. मग प्रशिक्षक तबकड्यांवर कागद चिकटवतो आणि म्हणतो, बाहेर बघ. पायांचंही तसंच. खऱ्या विमानात रडरला, म्हणजे शेपटीवरच्या सुकाणूला, पायाने सतत समजावत राहावं लागतं, घरी पाय टेबलाखाली आराम करत असतात.

इथे एक लहानसा आकडा येतो, आणि आतापर्यंतच्या सगळ्या लाख-कोटींना तो भारी पडतो. पस्तीस.

१५ जानेवारी २००९. न्यूयॉर्कहून उडालेल्या ए-३२० च्या दोन्ही इंजिनांत पक्षी शिरले. कॅप्टन सलेनबर्गर यांनी विमान हडसन नदीवर उतरवलं. आतले १५५ च्या १५५ वाचले. पक्षी आदळल्यापासून पाणी लागेपर्यंत गेले २०८ सेकंद. नंतर चौकशीत वैमानिकांना मोठ्या सिम्युलेटरमध्ये बसवून विचारलं गेलं, विमानतळावर परत जाता आलं असतं का? पक्षी आदळताच वळलेल्या तेरा प्रयत्नांपैकी सात ला गार्डिया विमानतळावर सुखरूप पोचले. मग एका प्रयत्नात पस्तीस सेकंद मिळवले. काय झालं ते कळायला, यादी काढायला, विश्वास बसायला माणसाला लागणारे पस्तीस सेकंद. ते विमान पोचलं नाही. सिम्युलेटरमधल्या वैमानिकांना काय होणार ते आधी माहीत होतं. सलेनबर्गरना माहीत नव्हतं. वीस लाख जीबींच्या पृथ्वीत हे पस्तीस सेकंद कुठेच साठवलेले नाहीत.

म्हणजे हिशोब असा झाला. वजन घरी फुकट, इंधन फुकट, पंख फुकट, मरण तर शंभर वेळा फुकट. पण एक गोष्ट घरीही पूर्ण भावाने मोजावी लागते: वेळ. डेक्कन क्वीनला मुंबई-पुणे लोहमार्गाचे १९२ किलोमीटर कापायला तीन तासांहून थोडा जास्त वेळ लागतो. तेवढं अंतर ७७७ आपल्या पूर्ण वेगात तेरा मिनिटांत तोडेल, आणि घरच्या पडद्यावरही तेराच मिनिटं लागतील. मुंबई-न्यूयॉर्क साडेबारा हजार किलोमीटर, म्हणजे रस्त्याने त्र्याऐंशी वेळा मुंबई-पुणे. घरीही पंधरा-सोळा तास बसावं लागेल, आणि तसे बसणारे लोक खरोखर आहेत.

हा वेळ ताणून किती ताणता येतो? चला, शेवटचा डोंगर चढू. ४ डिसेंबर १९५८. लास व्हेगासमध्ये रॉबर्ट टिम आणि जॉन कुक एका सेस्ना १७२ मध्ये बसले आणि उडाले. जेमतेम चार माणसांचं विमान. खाली रस्त्यावर ट्रक धावायचा, विमान त्याच्या डोक्यावर येऊन त्याच वेगाने उडायचं, नळी वर खेचून इंधन भरायचं, दोरीने जेवण वर घ्यायचं. एक झोपायचा, दुसरा चालवायचा. एक आठवडा झाला. नाताळ झाला. नवं वर्ष उजाडलं. जानेवारी सरला. विमान उतरलं ७ फेब्रुवारी १९५९ ला. ६४ दिवस, २२ तास, १९ मिनिटं, ५ सेकंद! अंतर सुमारे दोन लाख चाळीस हजार किलोमीटर. पृथ्वीला सहा प्रदक्षिणा. मुंबई-पुणे सोळाशे खेपा. तासाला तीस लिटर इंधन धरलं तर सत्तेचाळीस हजार लिटर, शंभर रुपयांच्या भावाने सत्तेचाळीस लाखांचं पेट्रोल. तास १,५५८. आपल्याकडे व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्याला लागतात दोनशे तास. म्हणजे जवळपास आठ परवान्यांचे तास त्या दोघांनी एका बैठकीत उडवले! घरच्या सिम्युलेटरवर हाच पराक्रम करायला वीज लागेल आठ हजार रुपयांच्या आत, आणि दिवस लागतील तेच चौसष्ट.

तेव्हा ज्यांना वैमानिक व्हायचंय त्यांना सांगणं एवढंच. गोंदियाजवळच्या बिरसीला राष्ट्रीय उड्डाण प्रशिक्षण संस्था आहे, बारामतीला आणि धुळ्याला उड्डाण शिकवतात. तिथे दोनशे तास घ्यायचे तर तासाला बारा-पंधरा हजार धरून पंचवीस-तीस लाख जातात, आणि बाकीच्या खर्चासह आकडा पन्नास लाखांकडे सरकतो. घरचे दोनशे तास एक हजार रुपयांच्या विजेत होतात. ते हजार रुपये आधी खर्च करा. तबकड्या, रेडिओ, नकाशे तिथेच पाठ करून टाका, म्हणजे महागडे तास चुकायला नाही तर उडायला उरतील. मात्र ते दोनशे तास लॉगबुकात लिहायला जाऊ नका. तिथे त्यांची बेरीज शून्य भरते.